बॉनेटखालचा धंदा : घरी जाऊन इंजिन साफ करून देण्याचं काम कसं शिकायचं, कसं विकायचं आणि कुठे नाही म्हणायचं



गाडी धुण्याचा धंदा म्हटलं की आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात सगळ्यांच्या डोळ्यापुढे एकच चित्र येतं. हायवेला लागून गाळा, रॅम्प, मोठा प्रेशर पंप, फोम मारणारी दोन पोरं आणि पाण्यासाठी बोअर. डिपॉझिट, भाडं, लाइटबिल हे सगळं धरलं की सुरुवातीलाच काही लाख अडकतात. एवढं करूनही पाचशे मीटरवर आधीच दोन वॉशिंग सेंटर असतात आणि तिथे तुमच्यापेक्षा पन्नास रुपये कमीच घेतात.

मी ज्या कामाबद्दल आज लिहितोय त्याला गाळा लागत नाही. ग्राहकाच्या अंगणात, पार्किंगमध्ये, त्याच्याच नळावर ते होतं. काम म्हणजे बॉनेट उघडून इंजिन बे, म्हणजे आपण ज्याला साध्या भाषेत इंजिनची खोली म्हणू ती, नीट हाताने साफ करून देणं. गाडीला दर रविवारी फडकं मारणारे पुष्कळ आहेत. पण वर्षभरात एकदाही बॉनेट उघडून आत हात न घातलेले लोक तुमच्या गल्लीत किती आहेत, एकदा विचारून बघा. वॉशरचं पाणी भरण्यापुरतं बॉनेट उघडतं आणि लगेच बंद होतं. कारण एकच, भीती. आत पाणी गेलं तर?

ही भीती खरी आहे. आणि तुमचा दर ह्या भीतीवरच ठरणार आहे, म्हणून ती नीट समजून घ्या.

डिझेल मारलेलं चकाचक इंजिन

आपल्याकडे 'इंजिन वॉशिंग' नावाचं काम बऱ्याच ठिकाणी कसं होतं ते तुम्ही पाहिलं असेल. गाडी आली की गरम इंजिनवर प्रेशरने पाणी, मग डिझेलचा किंवा तसल्याच कुठल्यातरी ऑइलचा फवारा. इंजिन काळंभोर चमकतं, मालक खूश होऊन वर दहा रुपये चहाला देतो. दोन दिवस मेढ्याच्या नाहीतर विट्याच्या रस्त्याने फिरलं की त्या तेलकट थरावर धूळ बसते आणि गाडी पहिल्यापेक्षा घाण होते. तेवढ्यावर थांबत नाही. डिझेलने साधं रबर हळूहळू फुगतं, मऊ पडतं. बुश, पाइप, बेल्ट ह्यांचं आयुष्य कमी होतं. शिवाय गरम सायलेन्सरच्या पाइपजवळ तेलाचा थर म्हणजे धूर, वास आणि वाईट दिवस असला तर आग.

त्यामुळे पहिला नियम लिहून ठेवा. डिझेल नाही, रॉकेल नाही, पेट्रोल तर अजिबात नाही. ग्राहक म्हणेल, "अरे पोरा, वर जरा डिझेल मार की, चमकतंय बघ." तुम्ही हसून सांगायचं, "काका, चमक मी देतो, पण डिझेलची नाही. ती महिनाभर टिकली पाहिजे ना?"

हात घालण्याआधी

गाडी दहा मिनिटांपूर्वी कराडहून आली असेल तर बॉनेट उघडून ठेवा आणि चहा प्या. तापलेल्या लोखंडावर, ॲल्युमिनियमवर गार पाणी पडलं की धातू एकदम आकसतो आणि तडा जायची शक्यता असते. केमिकल पण लगेच वाळून डाग पडतात. हात लावून सहन होईल इतपत कोमट इंजिन चांगलं, ग्रीस सुटायला मदत होते. त्याहून गरम नको. रेडिएटरच्या झाकणाला तर गरम असताना कधीच हात लावायचा नाही.

ह्या थांबण्याच्या वेळेत तुमचं सगळ्यात महत्त्वाचं काम उरकून घ्या. मोबाइल काढा. चावी ऑन करून, गाडी चालू करून डॅशबोर्डचा व्हिडिओ घ्या. इंजिनची पिवळी लाइट लागलेली आहे का, बॅटरीची लाल लाइट विझते का, इंजिनचा आवाज कसा आहे, हे सगळं मालकासमोर. मग बॉनेटखालचे सात-आठ फोटो. तुटलेल्या क्लिपा, चिकटपट्टी मारलेली वायर, उंदराने कुरतडलेला पाइप, जे दिसेल ते मालकाला दाखवायचं आणि कागदावर लिहायचं. मी माझ्या बॅचला सांगतो की हा व्हिडिओ म्हणजे तुमचा विमा आहे. काम झाल्यावर "मगाशी ही लाइट नव्हती" असं कुणी म्हणालं तर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी पाहिजे. नाहीतर सातशे रुपयांच्या कामात सात हजारांचा सेन्सर तुमच्या गळ्यात पडतो.

मग बॅटरी. चावी काढा, १० नंबरचा पाना घ्या आणि आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडा. काळी वायर, वजाचं चिन्ह. जोडताना ती शेवटी. काही गाड्यांत बॅटरी काढली की घड्याळ, रेडिओचं सेटिंग, काचांचं ऑटो जातं. हे मालकाला आधी सांगितलं तर तो मान डोलावतो, नंतर सांगितलं तर भांडतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ब्रशने घासा. फसफसेल, घाबरू नका. फक्त ते पाणी बॅटरीच्या सेलमध्ये जाता कामा नये. धुऊन, वाळवून, शेवटी जोडल्यावर वर पेट्रोलियम जेली लावा. ह्या कामाला वीस रुपयांचाही खर्च नाही, पण गाडी सकाळी एका सेल्फमध्ये लागली की मालकाला तुमचीच आठवण येते.

झाकायचं काय? अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, इंजिनचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू, एअर फिल्टरचं तोंड, इग्निशन कॉइल, उघडे दिसणारे कनेक्टर. जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड किंवा मास्किंग टेप. पेट्रोल गाड्यांत कॉइलच्या खाली स्पार्क प्लगची खोल विहीर असते. त्यात पाणी साठलं की इंजिन एका सिलिंडरवर मार खातं, गाडी थरथरते आणि मालकाचा चेहरा पडतो. त्या भागात पाणी मारूच नका, ओल्या फडक्याने पुसा. ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक घट्ट आहे का ते पण बघा, बऱ्याचदा कुणीतरी अर्धवट बसवलेलं असतं.

सीएनजी गाड्या आता आपल्याकडे भरपूर झाल्यात. रिड्यूसर, गॅसची रेल, त्यांचे पाइप आणि वायरिंग फक्त पुसायचं, काही सैल करायचं नाही. गॅसचा वास आला तर काम बंद, गाडी तशीच, आणि मालकाला थेट सीएनजीच्या मेकॅनिककडे पाठवायचं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाच्या जाड वायरी दिसल्या की तिथे तुमचं काम नाही. खास ट्रेनिंग घेतल्याशिवाय ती गाडी घेऊ नका. नाही म्हणायला लाजू नका.

घाण कुठली आहे ते ओळखा

पुस्तकात हे मिळणार नाही, पण आपल्या दोन जिल्ह्यांत एकाच पद्धतीने सगळ्या गाड्या साफ होत नाहीत. माण, खटाव, आटपाडी, जतकडची गाडी आली तर आत कोरडी, बारीक धूळ असते. तिला पाणी दाखवलं की चिखल होतो आणि फटीत जाऊन बसतो. आधी कोरडा ब्रश आणि ब्लोअर. नाकाला मास्क लावा, धूळ तुमच्या तोंडावरच येणार आहे. ऐंशी टक्के काम तिथेच संपतं.

जावळी, पाटण, महाबळेश्वर, कास ह्या बाजूला पावसाळाभर फिरलेल्या गाडीत लाल जांभ्याचा चिखल असतो. तो प्लॅस्टिकवर रंग चढवतो. त्याला पाणी, केमिकल, ब्रश सगळं लागतं आणि वेळ दीडपट.

कृष्णाकाठची काळी माती वेगळीच. वाळली की पापुद्रे निघतात, पण ओली असताना घासली तर लोण्यासारखी पसरते. तिला वाळू द्या, ब्रशने पाडा, मग पुसा.

आणि ऊस. गळीत हंगामात उसाच्या पाल्याचे तुकडे बॉनेटच्या मागे, वायपरखालच्या जाळीत जाऊन बसतात. तिथे पाणी जायची भोकं असतात. ती बुजली की पावसाचं पाणी गाडीच्या आत पायाशी उतरतं. किती तरी लोक 'दरवाजाचं रबर गेलं' म्हणून रबर बदलतात आणि खरा दोष ह्या जाळीत असतो. बोटाने कचरा काढा, मगभर पाणी ओतून खाली निघतंय का बघा आणि मालकाला दाखवा. उसाची तोड झाली की रानातले उंदीर गावाकडे वळतात. शेताजवळ लावलेल्या गाडीत इंजिनच्या कव्हरखाली चिंध्या, शेंगांची टरफलं, घरटं सापडणं नवीन नाही. तंबाखूची पुडी बांधायची पद्धत आपल्याकडे आहेच; बांधा हवी तर, पण माझा भरवसा नाही त्यावर. आतला वास आणि खाण्याचा कचरा काढणं, गाडीची जागा बदलणं आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघणं ह्याचा जास्त उपयोग होतो.

प्रत्यक्ष साफसफाई

कोरडी धूळ निघाली की डिग्रीजर. बाजारात जे घट्ट मिळतं ते पाण्यात मिसळूनच वापरायचं. हलक्या घाणीला एकास दहा, ऑइल-ग्रीसला एकास चार. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर डब्याचं ऐका. कॉस्टिकवाली जहाल केमिकल स्वस्त मिळतात, पण ती ॲल्युमिनियमवर पांढरे डाग पाडतात आणि ते डाग निघत नाहीत. खालून वर, छोट्या भागात फवारा, तीन-चार मिनिटं थांबा, ब्रशने घासा, वाळायच्या आत काढा. पूर्ण इंजिनवर एकदम मारून मोबाइलवर बोलत बसलात तर काम दुप्पट होईल.

धुताना प्रेशर वॉशर नको. घरगुती वॉशरचाही मारा शंभर बारच्या पुढे जातो, तो कनेक्टरच्या रबरातून आत पाणी घुसवतो. हाताने हवा भरायचा दोन लिटरचा पंप घ्या, एक केमिकलचा, एक साध्या पाण्याचा. त्याचा बारीक फवारा आणि ओलं मायक्रोफायबर, ह्यात सगळं होतं. इथे एक धोक्याची सूचना. आपल्या घरोघरी द्राक्षाच्या नाहीतर उसाच्या फवारणीचा पाठीवरचा पंप पडलेला असतो. तो ह्या कामाला अजिबात आणू नका. त्यात औषधाचे, तणनाशकाचे अंश राहतात आणि तुम्ही ग्राहकाच्या अंगणात, तुळशीजवळ, लहान मुलं खेळतात तिथे फवारणार आहात.

खाली ताडपत्री किंवा ट्रे हवाच. तेलाचं पाणी गटारात किंवा परसातल्या भाजीत सोडायचं नाही. माझ्याकडे एका बाईंनी आधीच्या पोराला ह्याच कारणावरून परत बोलावलं नव्हतं. इंजिन छान झालं होतं, पण अंगणातली फरशी काळी पडली होती.

मग वाळवणं. ब्लोअरने प्रत्येक कनेक्टर, प्रत्येक खाच. पिशव्या काढा, आणि एअर फिल्टरच्या तोंडाची पिशवी काढली का हे मोठ्याने म्हणून बघा. किती पिशव्या घातल्या ते सुरुवातीला लिहून ठेवा, शेवटी मोजा. बॅटरी जोडा, गाडी चालू करा, बॉनेट उघडं ठेवून दहा मिनिटं चालू द्या. पुन्हा डॅशबोर्डचा व्हिडिओ.

प्लॅस्टिक आणि रबरी पाइपला शेवटी ड्रेसिंग लावतात. पाण्यावर आधारलेलं घ्या, फडक्यावर घेऊन लावा आणि जास्तीचं पुसून काढा. बेल्टवर नाही, सायलेन्सरच्या पाइपवर नाही. बेल्टला ड्रेसिंग लागलं तर तो घसरतो, किंचाळतो आणि तुम्ही बदनाम होता. चमक कमी दिसली तर चालेल, नव्या गाडीचं इंजिन पण मॅटच असतं.

जाता जाता एक. इंजिन नंबर आणि चॅसी नंबर ह्यांची जागा शोधा आणि हळुवार पुसा. वायर ब्रश, सँडपेपर तिथे लागता कामा नये. गाडी विकताना, एमएच-११, एमएच-५०, एमएच-१० कुठल्याही आरटीओला काम असताना किंवा विम्याच्या तपासणीला तो नंबर नीट वाचता यावा लागतो. बॉनेटखालचे स्टिकर पण ओरबाडू नका. 'सगळं जुनं काढलं' ही तारीफ नाही.

आता हिशेब

मी जो संच सांगतो त्याचा ढोबळ खर्च असा. दोन पंप ९००, ब्लोअर १,५००, ब्रश ६००, डझनभर मायक्रोफायबर ८००, पाच लिटर डिग्रीजर १,५००, लिटरभर ड्रेसिंग ७००, पाने ५००, एलईडी टॉर्च ४००, टेप-पिशव्या २००, हातमोजे आणि चष्मा ३५०, ताडपत्री-ट्रे ६००. बेरीज ८,०५० रुपये. कंपनी आणि दुकान बघून थोडं इकडे-तिकडे होईल.

छोट्या गाडीला ७०० रुपये लावा. केमिकल, फडक्यांची झीज, गाडीचं पेट्रोल धरून १५० जातात. हातात ५५०. म्हणजे पंधराव्या गाडीला तुमचा संच वसूल. महिन्यात २४ गाड्या केल्या तर १३,२०० रुपये. एका गाडीला पावणेदोन-दोन तास लागतात, सुरुवातीला तीन. त्यामुळे 'दिवसाला सहा गाड्या' असली गणितं कुणी सांगत असेल तर त्याला सहा गाड्या करून दाखवायला सांगा. बोलेरो, स्कॉर्पिओ, पिकअपला दर जास्त ठेवा, कारण आत जागा मोठी आणि घाण शेतातली.

एवढ्यासाठी कर्ज काढू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं, ते खरं आहे. पण ते नंतर, तुम्ही आतून-बाहेरून पूर्ण डिटेलिंग घ्याल, व्हॅक्यूम आणि पॉलिशिंग मशिन घ्याल तेव्हा उपयोगी पडेल. उद्यम नोंदणी मात्र पहिल्याच महिन्यात करा. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते. कुणी दोन हजार मागितले तर तो त्याची मजुरी मागतोय, सरकारची फी नाही.

पुरातली गाडी

हा भाग मी मुद्दाम मोठा लिहितोय, कारण हा प्रश्न आपल्या भागात आज ना उद्या तुमच्यापुढे येणारच.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ ला आलं होतं, २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं. गावभाग, बाजारपेठ, नदीकाठची गावं ह्यांत माणसं जीव घेऊन निघाली, गाड्या जागेवर राहिल्या. किती तरी गाड्या बॉनेटच्या वर पाण्यात दिवस-दिवस होत्या.

अशा गाडीचा मालक तुम्हाला बोलावतो तेव्हा तुमचं पहिलं काम म्हणजे काहीच न करणं. चावी फिरवू द्यायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल आणि सेल्फ मारला तर पाणी दाबलं जात नाही, पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्याने भिजलेली गाडी दुरुस्त होते, रॉड वाकलेली गाडी घर विकायला लावते. वर, पुराचं नुकसान साधारणपणे ओन डॅमेजच्या पॉलिसीत बसत असलं, तरी पाण्यातली गाडी चालू केल्यामुळे इंजिन गेलं तर कंपन्या सहसा हात वर करतात, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर नसेल तर. त्यामुळे बॅटरी सोडा, गाडी टो करून गॅरेजला.

दुसरं, विम्याचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत फडकं लावू नका. मालक म्हणेल, "दादा, एवढा गाळ बघवत नाही, निदान वरवर तरी धुवा." आपल्याला वाईट वाटतं, पण त्या गाळाची रेघ हाच त्या माणसाचा पुरावा आहे. पाणी कुठपर्यंत चढलं ते त्या रेघेवरूनच कळतं. फोटो काढून द्या, विमा कंपनीला कळवायला मदत करा आणि त्या दिवशी पैसे घेऊ नका. सर्व्हे झाला, मेकॅनिकने ऑइल-फिल्टर-वायरिंग बघितलं, मग साफसफाईचं तुमचं काम. गमबूट, जाड हातमोजे घाला. पुराच्या गाळात गटाराचं पाणी, काचा, कधी साप सुद्धा असतो.

आता अवघड भाग. माझ्या बॅचमधल्या वाळवा तालुक्यातल्या एका मुलाला एका जुन्या गाड्यांच्या एजंटाने गाठलं. चार गाड्या होत्या, चारही पुरातल्या, बाहेरगावी विकायच्या. "इंजिन असं कर की कंपनीतून आल्यासारखं वाटलं पाहिजे. गाळाचा कण दिसता कामा नये. गाडीमागे तीन हजार." म्हणजे बारा हजार, तीन-चार दिवसांचं काम. वरचा हिशेब परत बघा. बारा हजार ही त्याची जवळपास महिन्याची कमाई होती. त्याने मला फोन केला, "सर, मी फक्त साफ करतोय. विकणारा तो, घेणारा दुसरा. माझा काय संबंध?"

प्रश्न बिनतोड वाटतो, म्हणून मी त्याला उलट तीन प्रश्न विचारले. बिल देणार का? त्यावर काय लिहिणार? आणि तुझे 'आधी-नंतर'चे फोटो तो एजंट गिऱ्हाइकाला कुठले दाखवणार, आधीचे का नंतरचे? शेवटच्या प्रश्नावर तो गप्प झाला. उद्या नाशिकचा नाहीतर सोलापूरचा एखादा माणूस आयुष्याची बचत घालून ती गाडी घेणार. सहा महिन्यांनी वायरिंगच्या कनेक्टरला गंज चढून गाडी हायवेवर रात्री बंद पडणार. तो ग्राहक आयोगात गेला आणि तुमच्या नावाचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये असला, तर 'मी फक्त साफ केलं' हे तुम्हाला तिथे उभं राहून सांगावं लागेल.

म्हणून त्याला मी एक वाट सुचवली. काम घे, पण बिलावर लिही : 'गाडी पुराच्या पाण्यात होती, इंजिन बेमधला गाळ काढला', तारीख आणि गाडी नंबरासहित, आणि आधीचे फोटो बिलासोबत. एजंटाने बिल बघितलं आणि गाड्या परत नेल्या. बारा हजार गेले ते गेलेच. त्या पोराने त्या महिन्याचा गाडीचा हप्ता वडिलांकडून उसने घेऊन भरला. तुमच्यावर ही वेळ येईल तेव्हा घरात काय बोलणी होतील ह्याची मला कल्पना आहे, म्हणून आधीच ठरवून ठेवा. दारात एजंट उभा असताना ठरवता येत नाही.

ह्याच ज्ञानाची दुसरी बाजू मात्र विकता येते. जुनी गाडी घेणाऱ्यासोबत जाऊन अर्धा तास बघून द्यायचे तीनशे-चारशे रुपये लोक खुशीने देतात. फ्यूज बॉक्सच्या मागे, अल्टरनेटरच्या पाकळ्यांत, हेडलाइटच्या आत, वायरिंगच्या काळ्या नळीत, सीटच्या रुळांत, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, त्याच्या तळाशी डागाची रेघ लपत नाही. जुन्या गाडीत बॉनेटखालचे सगळे बोल्ट जुने आणि दोनच चकचकीत असतील तर का, ते विचारा. तुम्ही मेकॅनिक नाही हे स्पष्ट सांगा, 'गाडी घ्या' किंवा 'घेऊ नका' म्हणू नका. जे दिसलं ते फोटोसकट द्या.

पहिली गिऱ्हाइकं

सराव स्वतःच्या, मामाच्या, मित्राच्या गाडीवर करा. पाच गाड्या फुकट, पण व्हिडिओ आणि कागद पूर्ण, जणू पैसे घेतलेत. शक्यतो जुन्या, साध्या गाडीपासून सुरुवात करा. मग गल्लीतले शिक्षक, बँकेतले लोक, डॉक्टर. ह्यांना गाडी जपायची असते आणि वेळ नसतो. टूरिस्टवाल्यांकडे लगेच जाऊ नका, ते दर पाडतात. त्यांच्याकडे दहा गाड्या एकदम असतील तेव्हा बोलू.

सीझन लक्षात ठेवा. पावसाळा संपल्यावर, गाडी विकायच्या आधी, लग्नसराईच्या आधी, आणि सगळ्यात मोठा म्हणजे दसरा. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं, यंत्रं, गाड्या पुजतात आणि बॉनेटवर हळद-कुंकू, झेंडूचा हार चढतो. त्याच्या आधीच्या दहा दिवसांचं बुकिंग घटस्थापनेच्याही आधी घ्यायला लागा. अर्धे पैसे ॲडव्हान्स, वेळ लिहून. पण खंडेनवमीच्या दिवशी आणि दसऱ्याच्या सकाळी एकही इंजिन घेऊ नका, कितीही जवळचा माणूस म्हणाला तरी. सगळ्यांना पूजा सकाळीच हवी असते, घाईत वाळवणं राहतं, आणि हार घातलेली गाडी सेल्फ न लागता दारात उभी राहिली तर पुढच्या दसऱ्यापर्यंत तो किस्सा गावभर फिरतो. त्या दिवशी स्वतःची बॅग, ब्लोअर आणि पाने पुसून ठेवा, पुजा आणि जेवायला घरी बसा.